बिनधुराची भट्टी

मुशीतलं पितळ ओतण्याजोगं झालं की नाही, हे मला रंगावरून कळतं, असं मी जन्मभर गिऱ्हाइकांना छाती ठोकून सांगत आलो. ते खोटं नाही. पण त्यातलं निम्मं माझ्या डोळ्यांत होतं आणि निम्मं माझ्या बायकोच्या गळ्यात. हे दुसरं निम्मं ठाऊक असणारा आता मी एकटाच उरलोय, म्हणून लिहायला बसलो. शाळा माझी झाली ती निजामाच्या राज्यात, उर्दूत. अलिफ-बे पाठ होतंय तोवर वडलांनी हातात सांडशी दिली. मराठी अक्षरं मी पुढं दुकानांच्या पाट्या वाचून जुळवली. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ कुणी मला शिकवू नये.

आम्ही ओतारी. सेलूत घराच्या मागच्या पडवीत आमची भट्टी. भट्टी म्हणजे जमिनीत खणलेला खड्डा, त्यात बाभळीचा कोळसा, कोळशात मातीची मूस आणि मुशीत फुटके तांबे, वाट्या, बिजागऱ्या, जे काही मोडीत आलं असेल ते. बाजूला चामड्याचा भाता. आम्ही बैलांच्या गळ्यातल्या घाट्या ओतायचो. पेडगाव म्हणा, सोनपेठ म्हणा, तिकडच्या वाटेवर संध्याकाळी बैल परतायला लागले की ऐकणारा सांगायचा, ही घाटी सेलूची. निजामी गेल्यानंतरच्या वर्षांत जुना शिक्का बंद पडला, तेव्हा लोक तांब्याचे पैसे मूठमूठ आणून मुशीत टाकायचे. म्हणायचे, "बाजारात कुनी इचारंना, बैलाच्या गळ्यात तरी वाजू द्या."

भाता माझी बायको ओढायची. ओढताना ओव्या म्हणायची, जात्यावरच्याच. त्यांचा क्रम ठरलेला. आधी देवाच्या, मग आईबापाच्या, मग माहेरच्या गावाच्या आणि सगळ्यांत शेवटी भावाच्या. एकुलता एक धाकटा भाऊ. आई गेल्यावर हिनंच त्याला कडेवर वाढवलेला. त्याच्या ओव्या संपत आल्या की मी मुशीवरचा कोळसा सळईनं बाजूला सारायचो, आणि पितळ झालेलं असायचं. चुकायचं नाही. त्यात जादू काही नव्हती. तिचा दम आणि भात्याचा वारा एकाच तालावर चालायचा. लांब ओळीला लांब ओढ, आखूड ओळीला आखूड. त्यामुळं रोज आगीला तेवढाच वारा मिळायचा आणि रोज तेवढ्याच ओव्यांत पितळ व्हायचं. मी रंग बघायचो ते खात्री करायला.

पितळेत जस्त असतं. तांबं जागचं हलत नाही, पण जस्त उडून जातं. त्याचा पांढरा धूर निघतो आणि पिंजलेल्या कापसासारखे पुंजके पडवीभर तरंगतात. ज्या दिवशी काम जास्त, त्या संध्याकाळी अंगात हुडहुडी भरून ताप यायचा, सकाळी उतरायचा. आम्ही त्याला दुखणं समजत नव्हतो. त्यावर वडलांनी शिकवलेला उतारा होता. भट्टी पेटवली की तोंडात गुळाचा खडा धरायचा, हळूहळू विरघळू द्यायचा, म्हणजे धूर छातीत बसत नाही. मी आधी बायकोच्या तळहातावर खडा ठेवायचो, मग माझा तोंडात टाकायचो. ते मी कधी विसरलो नाही. पोळ्याच्या आधी कामाची कितीही घाई असो, गूळ पहिला.

पुढं तिच्या ओव्या मधेच तुटायला लागल्या. ओळ अर्ध्यावर आली की खोकला. खोकल्याबरोबर भाता थांबायचा, आग बसायची. पण ओव्या तर तेवढ्याच. त्या संपल्या की मी सवयीनं मूस उचलायचो. रंग जरा कमी वाटायचा, पण कान म्हणायचा की झालंय. मी कानाचं ऐकायचो.

पेडगावचा एक शेतकरी एकदा घाटी परत घेऊन आला. पडवीत उभा राहून माझ्या कानाशी वाजवली. "ओतारी, ही बैलाला बांधू का शेळीला? बोलंनाच की ही."

मी काही म्हणायच्या आत भात्याजवळून बायको म्हणाली, "माझाच घसा लागलाय तिला, पाटील. गरम पानी पाजा, उतरंल."

पाटील हसला. मी हसलो नाही. घाटी हातोडीनं फोडली. काठाशी आत सुईच्या टोकासारखी भोकं होती. पितळ थंड ओतलेलं होतं. माझ्या हातून. मी त्याला दुसरी घाटी दिली.

मग मी थांबायला शिकलो. ओव्या संपल्या तरी आणखी तापू द्यायचो. पण पितळ आगीवर जास्त वेळ राहिलं की जस्त जास्त उडतं. धूर जास्त म्हणून तिला खोकला, खोकला म्हणून भाता हळू, भाता हळू म्हणून पुन्हा धूर जास्त. एक गडी भात्यावर लावून बघितला. त्यानं विहिरीचं पाणी उपसावं तसा भाता ओढला आणि मुशी तडकवल्या. दवाखान्यातल्या डॉक्टरनं सांगितलं, बाईला धुरापासून लांब ठेवा. ओताऱ्याच्या बायकोला धुरापासून लांब कुठं ठेवायचं, हे काही त्यानं सांगितलं नाही.

त्या दिवाळीला मेव्हणा भाऊबीजेला आला. तो हैद्राबादेत नळाच्या तोट्या ओतणाऱ्या कारखान्यात लागला होता. आमचा जिल्हा तेव्हा अजून हैद्राबादलाच जोडलेला. सेलूच्या टेशनावर गाडीत बसलं की थेट हैद्राबाद. ओवाळून झालं आणि बहिणीला खोकल्याची उबळ आली. तो ताटातला करंजीचा तुकडा हातात धरून बघतच बसला. मग मला बाहेर घेऊन आला.

"दाजी, आक्काला काढा या धुरातनं."

"माझ्या हातात हाय व्हय ते? भट्टी म्हनलं की धूर आलाच."

"आमच्या भट्टीला न्हाई."

मला वाटलं, शहरात जाऊन पोरगं थापा मारायला शिकलं. पण तो सांगायला लागला. तिथं कोळसा नाही, जाळ नाही, राख नाही. तांब्याच्या नळीचं वेटोळं, नळीच्या आतून पाणी खेळतं आणि वेटोळ्याच्या मधे मूस. बटन दाबलं की वेटोळ्यातून वीज फिरते.

"मग जाळ कुठनं लागतो?"

"जाळ लागतच न्हाई, दाजी. भाईरनं आच देतच न्हाईत. धातूच्या पोटातच गरमी उठती. भराभर वितळतं, म्हनून जस्त उडाया येळच गावत न्हाई. सळईनं ढवळायचं कामच न्हाई, आपोआप घुसळलं जातं. जेवढी आच पायजे तेवढी ठेवायची, नको तवा बटन बंद. सकाळचा माल न् संध्याकाळचा माल, रंगात काडीचा फरक न्हाई."

"इथं आनता यील का?"

तो हसला. "त्या एका भट्टीला जेवढी वीज लागती, तेवढी आख्ख्या सेलूत न्हाई. तुमीच चला तिकडं. मी शब्द टाकलाय. राहायला खोली भेटंल. आक्काला नुसतं बसून राहायचं."

मी म्हटलं, डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी माझ्या बापाचंही ऐकलं नाही. तर बघायला चला, म्हणाला. गेलो.

कारखान्यात शिरलो तेव्हा मी आधी छताकडं बघितलं. आमच्या पडवीचं छत काजळीनं काळं ठिक्कर. तिथलं छत पांढरं. मुशीशी उभ्या असलेल्या माणसाचा सदरा धुतलेला होता, आणि तो धातू ओतत होता! एका कोपऱ्यात मोठं यंत्र गांधिलमाशीसारखं गुणगुणत होतं. मेव्हण्यानं मला मुशीजवळ उभं केलं. जाळ खरोखरच नव्हता. मोडीचे तुकडे आधी तांबूस झाले, मग खचले, मग मधोमध फुगून यायला लागले आणि कडेनं आत वळायला लागले. बाई ताक घुसळते तसं, आणि हात कुणाचाच नाही.

आता मला माझ्या हुन्नराचा मोठा गर्व. मी मनातल्या मनात बायकोच्या ओव्या धरल्या. आधी देवाच्या. त्याच चालू होत्या, आणि तिथला मिस्त्री, वयानं माझ्याहून लहान, माझ्याकडं वळून हसत म्हणाला, "बोलो चाचा, हुआ क्या नै हुआ?"

मी पुन्हा बघितलं. आमच्या भट्टीत जाळाच्या उजेडात पितळेचा एक रंग दिसतो. इथं जाळच नाही, वर विजेचे दिवे. मला रंग लागेना. आणि ओव्या तर देवाच्याच चाललेल्या. आईबापाच्या नाहीत, माहेरच्या नाहीत, भावाच्या तर लांबच. मी म्हटलं, "अब्बी नै. टैम है."

त्यानं सळईसारखी एक तार आत बुडवली, भिंतीवरच्या आच दाखवणाऱ्या काट्याकडं बघितलं आणि खूण केली. मूस कलंडली. साचे भरले. थोड्या वेळानं साचे फोडले तेव्हा तोट्या निघाल्या, काठ रेखीव, गुळगुळीत, कुठं भोक नाही. धूर एवढासा निघाला आणि वरच्या पंख्यानं ओढून नेला.

मिस्त्री मनाचा चांगला. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बैठो चाचा, चाय पियो. आप बी सीख जाते. पहले मोड डालने का काम करो." तो चेष्टा करत नव्हता. त्यानं केली असती तर मला बरं वाटलं असतं. चहा गोड होता. मी तो संपवला.

घरी आलो. बायको उंबऱ्यावर बसून घाट्यांच्या साच्यांसाठी माती चाळत होती. मी तिला सगळं सांगितलं. छत सांगितलं, सदरा सांगितला, आपोआप घुसळणारं पितळ सांगितलं. त्या भट्टीत मला काही वाईट दिसलं नव्हतं, तेव्हा वाईट बोललो नाही. तिनं चाळणी खाली ठेवली.

"बाया काय करत्यात तिथं?"

"बाया न्हाईत तिथं."

"बरं. तुमाला इचारलं का कुनी, झालं का न्हाई म्हनून?"

"इचारलं."

"मग?"

"म्हनलं, अजून न्हाई."

"अन्?"

"झालं व्हतं."

तिनं हातावरची माती झटकली. मग हळूच म्हणाली, "माझ्या ओव्या कुठवर आल्या व्हत्या?"

मी ओव्या धरल्या होत्या हे मी तिला सांगितलेलं नव्हतं. म्हटलं, "देवाच्याच चालल्या व्हत्या."

"अगं बाई! म्हंजे माझा भाऊ ऱ्हायलाच की." ती हसली, आणि हसता हसता खोकली.

मेव्हणा आठवड्याभरानं उत्तर घ्यायला आला. मी पडवीत घाटीवर कानस घासत बसलो होतो. त्यानं मला विचारलं, "मग दाजी, काय ठरलं?" मी कानस थांबवली. तोंड उघडणार तेवढ्यात बायको आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि माझ्याकडं बघत त्याला म्हणाली, "मला न्हाई करमायचं रं तिथं. खोलीत कोंडून घेऊन काय करू मी? ना वळखीचं ना पाळखीचं. तुझ्या दाजीला बोल लावू नगं, मीच येत न्हाई."

"आक्के, तुझी छाती बघ की."

"छातीला काय झालंय? थंडीचा खोकला हाय. गूळ खाती मी."

तो माझ्याकडं बघत होता. त्याला वाटत होतं, दाजी आता तिला दटावतील. आमच्या घरात माझा शब्द चालायचा. एक शब्द बोललो असतो तर तिनं त्याच दिवशी गाठोडं बांधलं असतं. मी कानस पुन्हा चालू केली. घाटीचा काठ तेव्हाच नीट झालेला होता, तरी मी घासतच राहिलो.

जाताना तिनं पदराची गाठ सोडली आणि त्याच्या हातावर गुळाचे खडे ठेवले. "वाटंत खा," म्हणाली. पोरपणापासून तिच्या पदराला त्याच्यासाठी असं काही ना काही असायचंच.

आता कुणी म्हणेल, तिनंच नको म्हटलं, त्याला तुम्ही काय करणार. माझी पोरंसुद्धा असंच म्हणतात, आणि ते माझ्या चांगल्यासाठी म्हणतात हे मला कळतं. पण तिनं माझ्या तोंडाकडं बघून उत्तर दिलं होतं. उत्तर माझं होतं. मी ते तिला आपल्या अंगावर घेऊ दिलं. मला मोडीचे तुकडे मुशीत टाकत उभं राहिलेलं तिला बघायचं नव्हतं, आणि मलाही. एवढंच ते होतं. हट्टी माणूस आहे मी, अजूनही म्हणतो की माझी घाटी त्या तोट्यांपेक्षा सुबक होती. होतीच. पण तिची छाती काही सुबकपणावर चालत नव्हती.

पुढं जिनिंगच्या भंगारातून मी चाकाचा पंखा आणला. हातानं फिरवला की वारा देतो. तिला भात्यावरून उठवलं आणि लांब उंबऱ्यावर बसवलं. पंखा मी फिरवायचो, ओव्या ती म्हणायची. लांब म्हणजे तरी किती लांब, धूर तिथवर यायचाच. आणि ओव्यांशिवाय मला कळायचं नाही, म्हणून तिला बसावं लागायचं. हळूहळू ती देवाच्या ओव्या संपवून थांबायला लागली. पुढच्या मी पुटपुटायचो, पंखा फिरवता फिरवता. भावाच्या ओवीत भाऊ घोड्यावरून येतो, तिथं मी हमखास चुकायचो.

"अवो, तसं न्हाई. भाऊ कुठनं येतो ते आधी, मंग घोडं."

"घोडं आधी आलं तर काय बिघडलं?"

"बिनभावाचं घोडं काय करायचंय मला?" असं म्हणून हसायची.

एका थंडीत ती गेली. पोळ्यासाठी ओतलेल्या घाट्या कधीच विकून झाल्या होत्या, भट्टी गार होती. मेव्हणा आला. तेरावा होईपर्यंत राहिला. मला एक शब्द वावगा बोलला नाही. कारखान्याचं नावही काढलं नाही. चौदाव्या दिवशी सकाळी पडवीत येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "दाजी, आक्का भट्टीवर माझ्या ओव्या म्हनायची म्हनं. मी कदी ऐकल्याच न्हाईत."

खरंच होतं. तो यायचा तो सणाला, आणि सणाला भट्टी बंद. जात्यावर ती म्हणायची तेव्हा तो पाळण्यात असणार.

मी म्हटलं, "मला गाता येत न्हाई. नुसत्या सांगतो."

"सांगा."

पण नुसत्या सांगायला बसलो तर दुसऱ्या ओळीला मला पुढचं सुचेना. त्या मला भट्टीशिवाय येतच नव्हत्या. मग मी कोळसा भरला, मुशीत जे हाताला लागलं ते टाकलं आणि त्याला म्हटलं, जुन्या भात्यावर बस. बिनधुराच्या भट्टीवरचा माणूस तो. पांढरा सदरा घालून बहिणीच्या जागेवर बसला. मी डब्यातून गुळाचे दोन खडे काढले. एक त्याच्या तळहातावर ठेवला, एक माझ्या तोंडात टाकला आणि देवाची पहिली ओवी म्हणायला तोंड उघडलं.

शब्द निघेना. खडा जिभेखाली धरला, गालात सारला, दाढेशी दाबला. ओळ लांब झाली की खडा आडवा यायचा. मी दोनदा चाचरलो. शेवटी तो काढून हातात घेतला, तेव्हा कुठं ओवी पुरी झाली.

हातातल्या ओल्या खड्याकडं मी बघत राहिलो. तोंडात गूळ धरून ओव्या म्हणता येत नाहीत. इतक्या वर्षांत मला हे ठाऊक नव्हतं, कारण मी कधी म्हटल्याच नव्हत्या, किंवा म्हटल्या त्या मनात. उंबऱ्यावर ती बसायची तेव्हा मी पुटपुटायचो, त्या ओव्यांची वेळ येईस्तोवर माझा गूळ विरघळून गेलेला असायचा. तिनं तो खडा भट्टीवर कधीच तोंडात धरला नसणार. मी तळहातावर ठेवला की मुठीत घ्यायची आणि माझी पाठ फिरली की पदराला बांधायची. ओव्या थांबल्या असत्या तर माझं पितळ चुकलं असतं.

"काय झालं, दाजी?" मेव्हण्यानं विचारलं.

"काय न्हाई. वढ तू."

त्यानं भाता ओढला. त्याला ताल नव्हता, पण मी ओळ म्हणायचो तशी तो ओढ घ्यायला लागला. देवाच्या झाल्या, आईबापाच्या झाल्या, गावाच्या झाल्या. धूर वर यायला लागला, त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर पुंजके बसले, तो खोकला, पण उठला नाही. त्याच्या ओव्या आल्या तेव्हा मी त्याच्याकडं न बघता म्हटल्या. आधी भाऊ आणला, मग घोडं. त्या संपल्यावर सळईनं कोळसा सारला. पितळ झालं होतं.

ओतायला साचा नव्हता. तसंच मातीत ओतलं. तो गोळा अजून माझ्याकडं आहे, कशाच्या आकाराचा म्हणून सांगता येत नाही.

गुळानं धुराचं काही होत नाही, असं आता डॉक्टर सांगतात. खरंही असेल. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. पण घरात कुणी चहाबरोबर गुळाचा खडा माझ्या हातावर ठेवला, तर मी तो तसाच खाली ठेवतो. पोरांना वाटतं, म्हाताऱ्याला गोड चालत नाही.